पातं लवतं न लवतं

निळ्या दिव्यापुढे हनुवटी टेकवून
ओकबुन आजी बसल्यात. वय एकोणसत्तर.
बुसानच्या बंदरावर चाळीस वर्षं वाकट्या विकतायत,
तरी दवाखान्यात येताना
लिंबाच्या साबणानं तीनदा हात धुऊन येतात
आणि मला विचारतात, अजून वास येतो का गं?

येतो. मी नाही म्हणते.

माझं काम साधं आहे.
खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवायची,
पाच मिनिटं घड्याळाकडे बघत राहायचं,
ओल कुठवर उतरली ते मोजायचं.
डावा चार. उजवा तीन.
मिलिमीटरात लिहायचं असतं माणसाचं पाणी.

पापण्या इतक्या ओघळल्या होत्या, त्या सांगतात,
की गिऱ्हाइकाचं तोंड बघायला
भुवया कपाळावर चढवाव्या लागत.
संध्याकाळी डोकं ठणकायचं.
लोक म्हणायचे, या म्हातारीला कसलं एवढं नवल वाटतंय?
सनह्वानं, म्हणजे सुनेनं, पैसे साठवले.
डॉक्टरांनी जास्तीची कातडी काढली,
‘तांदळाचे दोन दाणे गं, तेवढीच.’
टाके निघाले त्या दिवशी
धक्क्यावरच्या क्रेनचे आकडे त्यांना वाचता आले,
आणि समोरच्या गाळ्यातली तोकसुन
किती म्हातारी झालीय, तेही दिसलं.

मग नोव्हेंबरचा वारा सुटला.
डोळ्यांत खरखर, जशी काही मीठ चाळल्यावर उरलेली कणी.
आत कोरडं आणि गालांवर धारा.
गिऱ्हाइकं थबकत, काय झालं? कोण गेलं?
कुणी गेलं नाही हो, बांगडा घ्या, आजचाच आहे.

मी मोजते.
मिनिटात अकरा वेळा पातं लवलं.
त्यातलं आठ वेळा अर्धंच:
पापणी निघते, बुबुळाच्या मध्यापर्यंत येते,
आणि काहीतरी विसरल्यासारखी माघारी जाते.
खाली एक कोर उघडी राहते,
रंगाचा थेंब टाकला की ठिपक्याठिपक्यांनी हिरवी चमकते.
पातं लवतं न लवतं, एवढासाच तो वेळ.
तेवढ्यात केवढं सारवण होऊन जातं,
हात कोपऱ्यापर्यंत पोचेनासा झाला
की मगच पोपडे दिसतात.

रात्री हारिन शेजारी झोपते, नात.
म्हणते, आजी, तू झोपेत माझ्याकडे बघतेस.
‘माशासारखी,’ आजी म्हणतात आणि हसतात.
चाळीस वर्षं बर्फावरून त्यांच्याकडे
न मिटणारे डोळे बघत आलेत.
माशाला पापणी कशाला हवी?
अख्खा समुद्र असतो डोळ्यावर.
बाहेर काढला की मग...
हे वाक्य त्या तिथंच सोडतात.

पट्टीचं पाकीट मी उगाच परत दुमडते.

‘नवऱ्याचे मीच मिटले होते,’ त्या म्हणतात,
‘एकदा हात फिरवला, मिटले.
सनह्वाला माझ्यासाठी दोनदा फिरवावा लागेल.
पैसेही तिचेच गेलेत, बिचारीचे.’

डॉक्टर म्हणाले, धीर धरा,
सूज पुरती उतरू दे, बऱ्याच जणांचं सुधारतं.
बऱ्याच जणांचं, हा शब्द आजींनी बरोबर टिपला.
तोवर दिवसा थेंब, रात्री मलम,
आणि सराव: मिटा. दोन मोजा. आवळा. सोडा.
किती वेळा? त्या विचारतात.
दर गिऱ्हाइकामागे एकदा, मी सुचवते.
‘मग मंगळवारी आंधळीच होईन. मंगळवारी कुणी येत नाही.’
मी म्हणते, अहो, मिटल्यानं नाही होत आंधळं.
‘माहितेय गं.’

आम्ही दोघी समोरासमोर बसून मिटतो.
एक. दोन.
मी उघडते, तर त्यांच्या मिटल्या पापण्यांखालून
पांढरी रेघ माझ्याकडेच रोखलेली.
‘तुझ्या उजव्या पापणीला
एक केस आत वळलाय,’ त्या म्हणतात.
‘टोचत नाही का गं?’